शुद्ध देवस्थान नावाची भाकडकथा

जपानविषयीच्या मराठी प्रवासलेखांत एक परिच्छेद हमखास सापडतो. लेखक एखाद्या शिंतो देवस्थानी जातो. शेंदरी कमानीखालून आत शिरतो, लांब दांड्याच्या लाकडी पळीने हातांवर पाणी घेतो, दोनदा वाकतो, दोन टाळ्या वाजवतो, पुन्हा एकदा वाकतो. पायांखाली खडी वाजते, भोवती जुनी झाडे असतात, आणि मग लेखकाच्या तोंडून दोन उद्गार बाहेर पडतात. पहिला : किती प्राचीन, किती शुद्ध, निसर्गाशी किती एकरूप असा हा धर्म! दुसरा : अरे, हे तर आपलेच! कमान म्हणजे आपले तोरण, बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती.

आमचा या दोन्ही उद्गारांना आक्षेप आहे. ते भाबडे आहेत म्हणून नव्हे. भाबडेपणा प्रवासात क्षम्य असतो. ते खोटे आहेत आणि ते खोटे ठरवण्यासाठी लागणारी सामग्री लेखक उभा असतो त्याच आवारात पडलेली असते, म्हणून आक्षेप आहे. हे लिहिताना आम्ही स्वतःलाही वगळत नाही. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना 'निसर्गपूजक शिंतो' हा शब्दप्रयोग आम्ही दोघांनीही फळ्यावर लिहिलेला आहे, आणि विद्यार्थ्यांनी तो उत्तरपत्रिकेत उतरवल्यावर त्याला गुणही दिले आहेत. एका दिवसाच्या सहलीत आमचे जे काही समज ढासळले, त्यांचा हिशेब येथे मांडत आहोत.

सहल कामाकुराची होती. एका नोव्हेंबरात आम्ही पाच जण तोक्योहून निघालो : आम्ही दोघे, निशी-कासाईत राहणारा आमचा जुना वर्गमित्र, त्याची पत्नी, आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळेच 'सेन्सेई' म्हणत. योकोसुका मार्गाच्या गाडीने तासाभराचा प्रवास. स्टेशनातून बाहेर पडले की वाकामिया-ओजी हा समुद्राकडून येणारा सरळ रस्ता लागतो. त्याच्या मधोमध दान्काझुरा नावाची उंच केलेली पायवाट आहे. मिनामोतो नो योरितोमो या पहिल्या कामाकुरा शोगुनाने ११८२ मध्ये, पत्नी मासाको हिचे बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून, ती बांधवून घेतली. वाट देवस्थानाकडे जाताना हळूहळू अरुंद होत जाते, त्यामुळे आहे त्याहून लांब भासते. तिच्या टोकाला त्सुरुगाओका हाचिमान-गू.

तो शिचि-गो-सानचा हंगाम होता. तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना नटवून देवाच्या पायी घालण्याचा हा सण. लहानगी मुले किमोनोत अवघडून चालत होती, आज्या त्यांचे पदर सावरत होत्या. हे दृश्य आनंददायक होते आणि त्याविषयी आमची काहीही तक्रार नाही. आमचे भांडण भक्तांशी नाही, लेखकांशी आहे.

आवारात शिरल्यावर दोन तळी लागतात. एक गेन्जींचे, म्हणजे मिनामोतो घराण्याचे. दुसरे हेइकेंचे, म्हणजे त्यांनी संपवलेल्या ताइरा घराण्याचे. गेन्जी तळ्यातल्या बेटावर पांढऱ्या निशाणांच्या गर्दीत बेंझाइतेनचे छोटे देऊळ आहे. आमचा मित्र अपेक्षेप्रमाणे थांबला आणि म्हणाला, ''बघ रे, ही आपली सरस्वती. हजारो मैल दूर, पण आपलीच.'' आम्ही मान डोलावली. सेन्सेईंना त्याने हे जपानीत सांगितले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, ''हो, पण ती मध्यंतरी येथे नव्हती. तिला काढून टाकले होते. हे देऊळ माझ्यापेक्षा लहान आहे.''

आज उभी आहे ती वास्तू १९८० सालची आहे. मूळचे देऊळ मेइजी राजवटीच्या आरंभी हटवण्यात आले. का हटवले, हा प्रश्न आमच्या दिवसाचा खरा आरंभबिंदू ठरला.

१८६८ मध्ये नव्या मेइजी सरकारने 'कामी' आणि बुद्ध यांना एकमेकांपासून विलग करण्याचे आदेश काढले. जपानीत याला 'शिन्बुत्सु बुन्री' म्हणतात. देवस्थानांतून बौद्ध मूर्ती, ग्रंथ, घंटा बाहेर काढाव्यात, देवस्थानांत सेवा करणाऱ्या बौद्ध भिक्षूंनी भिक्षुपद सोडावे, असे ते आदेश होते. त्याच वर्षी हाचिमान या देवतेला 'महाबोधिसत्त्व' म्हणण्यास मनाई झाली. मनाई करावी लागली याचाच अर्थ लोक तसे म्हणत होते, आणि तेही कालपरवापासून नव्हे. हाचिमान हा मूळचा क्यूशू बेटावरच्या उसाचा देव. ७४९ मध्ये त्याला नारा येथे आणले ते तोदाइजीच्या प्रचंड बुद्धमूर्तीच्या उभारणीला त्याचे पाठबळ लाभावे म्हणून. आठव्या शतकातच त्याला बोधिसत्त्व ही पदवी मिळाली. काइकेई या शिल्पकाराने १२०१ मध्ये घडवलेली हाचिमानाची लाकडी मूर्ती तोदाइजीत आजही आहे. त्या मूर्तीत हा शिंतो देव बौद्ध भिक्षूच्या वेषात बसलेला आहे. हजार वर्षांहून अधिक काळ ज्या देवाने चीवर पांघरले, त्याचे चीवर सरकारी कागदाने उतरवले.

कामाकुराचे हे स्थान तर नावानेच मिश्र होते. १८६८ पूर्वी ते 'मियादेरा' होते. 'मिया' म्हणजे देवस्थान, 'तेरा' (समासात 'देरा') म्हणजे बौद्ध मंदिर. दोन्ही शब्द एकाच नावात गुण्यागोविंदाने राहत होते. या आवारात एक मोठा बौद्ध स्तूपमनोरा होता, निओ या द्वारपालांचे प्रवेशद्वार होते, होमशाळा होती, त्रिपिटकाची प्रत होती. मनोऱ्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत. फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने ती १८६० च्या दशकात टिपली. १८७० मध्ये या बौद्ध वास्तू थोड्याच दिवसांत पाडण्यात आल्या. निओंच्या मूर्ती जवळच्या जुफुकुजीत गेल्या, ग्रंथ तोक्योच्या असाकुसातील सेन्सोजीकडे गेले, आणि येथले भिक्षू केस वाढवून शिंतो पुजारी झाले. आज त्या आवाराचे जे मोकळे, नेटके रूप आपल्याला 'साधे' आणि 'मूळचे' वाटते, त्यातला मोकळेपणा पाडापाडीने आलेला आहे. प्रवासलेखक जिला शांतता म्हणतो, ती अंशतः रिकाम्या केलेल्या जागेची शांतता आहे.

आता 'आपलेच' या उद्गाराकडे वळू. सरस्वती जपानात पोहोचली ती बौद्ध ग्रंथांच्या पाठीवरून, विशेषतः 'सुवर्णप्रभाससूत्रा'च्या चिनी भाषांतरामधून. तेथे तिला आठ हात आणि शस्त्रे मिळाली, मध्ययुगात तिची सांगड उगाजिन या सर्पदेही धान्यदेवतेशी घातली गेली, आणि योद्ध्यांनी तिला विजयासाठी साकडे घातले. या देवस्थानाच्या मालकीची तिची १२६६ सालची मूर्ती हाती बिवा घेऊन बसलेली आहे. अंगावरची वस्त्रे कोरलेली नाहीत, ती खरोखरीची नेसवायची असतात. म्हणजे जिला आपण 'आपली' म्हणतो, ती तेथवर गेली मिश्रणामुळे, रुजली मिश्रणामुळे, आणि हाकलली गेली तीही मिश्रणाच्या आरोपावरून. जो लेखक एकाच परिच्छेदात या धर्माला 'शुद्ध' म्हणतो आणि बेंझाइतेनला 'आपली' म्हणतो, त्याने दोन परस्परविरोधी विधाने केलेली असतात. शुद्धीकरण पुरते यशस्वी झाले असते, तर 'आपली' म्हणायला ती तेथे उरलीच नसती. तोरण आणि तोरी यांच्या नात्याचेही तसेच. त्या व्युत्पत्तीवर अभ्यासकांत एकमत नाही. पण आपल्याकडे ती सिद्ध झाल्याच्या थाटात सांगितली जाते, कारण तिने आपला अहंकार सुखावतो.

हे सारे इतिहासकारांचे काम आहे, साहित्याच्या प्राध्यापकांचा यात काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो सुखाचा नाही.

तळी ओलांडून पुढे गेले की माइदेन हा नृत्यमंडप आहे आणि त्यामागे ६१ दगडी पायऱ्या. या मंडपाशी जोडलेली कथा शिझुकाची. योरितोमोने आपला पराक्रमी भाऊ योशित्सुने याच्यावर शत्रू म्हणून माणसे सोडली होती. त्याची प्रेयसी शिझुका हिला पकडून कामाकुराला आणले आणि ११८६ मध्ये या देवस्थानी नाचण्यास भाग पाडले. तिने शोगुनाच्या तोंडावर योशित्सुनेच्या विरहाचे गाणे म्हटले. योरितोमो संतापला. मासाकोने त्याला आवरले. शिझुकाला पुढे मुलगा झाला, तो मारण्यात आला. 'आझुमा कागामी' या बखरीत हे सारे नोंदलेले आहे. मंडपाजवळ उभे राहून आमच्या मित्राची पत्नी एवढेच म्हणाली, ''अहो, आणि आपण याला शांतीचे ठिकाण म्हणतोय!''

पायऱ्यांची कथा त्याहून बोलकी आहे. १२१९ च्या हिवाळ्यात, बर्फ पडलेल्या रात्री, तिसरा शोगुन सानेतोमो देवदर्शन करून परतत असता त्याचा पुतण्या कुग्यो याने त्याला ठार केले. सानेतोमो कवी होता. 'किन्काइ वाकाशू' हा त्याचा संग्रह, आणि फुजिवारा नो तेइका हा त्याचा काव्यगुरू. कुग्यो हा कोण होता? तो याच देवस्थानाचा 'बेत्तो', म्हणजे प्रमुख होता, आणि तो बौद्ध भिक्षू होता. 'शुद्ध शिंतो देवस्थान' ही कल्पना डोक्यात ठेवून ही घटना नीट सांगताच येत नाही. शिंतो देवस्थानाचा मुख्याधिकारी बौद्ध भिक्षू कसा, येथेच कथा अडते. म्हणून मार्गदर्शक पुस्तिकांत तो बहुधा केवळ 'पुतण्या' उरतो.

पुढचा भाग आमच्या व्यवसायाचा आहे. सानेतोमोला अठराव्या शतकात पुन्हा मोठेपण दिले कामो नो माबुची या पंडिताने. 'मान्योशू'तील प्राचीन कवितेचे निर्मळ, पौरुषयुक्त मन त्याला सानेतोमोत दिसले. माबुचीचा शिष्य मोतोओरी नोरिनागा (१७३०-१८०१). या अभ्यासपरंपरेला 'कोकुगाकू', देशी विद्या, म्हणतात. नोरिनागाने ७१२ सालच्या 'कोजिकी'वर ४४ खंडांचे भाष्य रचले, त्यासाठी तीस वर्षांहून अधिक काळ घालवला आणि १७९८ मध्ये ते पुरे केले. 'गेन्जी मोनोगातारी'चे नीतिबोधापासून मुक्त असे त्याने केलेले वाचन कोणत्याही काव्यशास्त्राला भूषणावह आहे. पण त्याच्या साऱ्या वाचनाला एक अट होती. वाचकाने 'कारागोकोरो', म्हणजे चिनी मन, धुऊन काढले पाहिजे. बौद्ध आणि कन्फ्यूशियन विचारांचा थर खरवडला की खाली निर्मळ जपानी हृदय सापडेल, अशी ती श्रद्धा होती. हिराता आत्सुतानेने या श्रद्धेला पंथाचे रूप दिले, आणि त्याचे अनुयायी मेइजी राजवटीच्या आरंभी धार्मिक धोरण ठरवणाऱ्यांत होते. देवस्थानांतून मूर्ती बाहेर काढणाऱ्या हातांच्या आधी पोथीच्या ओळींवरून फिरणारी बोटे होती. ती आपल्या जातकुळीची, भाष्यकारांची आणि अध्यापकांची बोटे होती.

आणि ज्या कवीत शुद्ध जपानी मन सापडले, तो सानेतोमो कसा होता? तो निष्ठावंत बौद्ध होता. पूर्वजन्मी आपण चीनमधल्या एका विहारात होतो असे त्याला वाटे. तेथे जाण्यासाठी त्याने एका चिनी कारागिराकडून मोठे जहाज बांधवून घेतले. १२१७ मध्ये ते कामाकुराच्या किनाऱ्यावर पाण्यात लोटायचा प्रयत्न झाला, पण ते तरंगलेच नाही. ज्याचे मन चीनच्या दिशेने धावत होते, त्याच्या कवितेला चिनी मनापासून मुक्त असल्याचे प्रशस्तिपत्र मिळाले. समीक्षा कवीला किती परके करू शकते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला वर्गात देता येणार नाही.

नोरिनागावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याने मंदिरे पाडा असे म्हटले नाही. त्याच्या इच्छापत्रात दोन थडग्यांची व्यवस्था होती, त्यांतले एक रीतसर घराण्याच्या बौद्ध मंदिरात. शुद्धीचा आचार्य स्वतः दुहेरीच जगला आणि दुहेरीच पुरला गेला. आपल्याकडेही हे अपरिचित नाही. फारसी-मराठी कोश रचणारे आणि कवितेत गझल आणणारे माधव जूलियन यांनीच १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिले. व्यक्ती म्हणून माणसे मिश्र असतात, सिद्धान्त मात्र शुद्ध होऊ पाहतो. सिद्धान्त आदेशात उतरला की व्यक्तीतला तो मिश्रपणा कोणाच्या उपयोगी पडत नाही.

आमच्या प्रतिपादनावर तीन आक्षेप येऊ शकतात. पहिला विद्वानांचा. मध्ययुगात स्वतंत्र 'शिंतो धर्म' नव्हता, ही कुरोदा तोशिओ (१९२६-१९९३) या इतिहासकाराची मांडणी सर्वमान्य नाही; कामींची पूजा तर फार जुनी आहे. मान्य. कामी १८६८ मध्ये जन्मले असे आम्ही म्हणत नाही. त्यांचे बुद्धापासून तोडलेले, सोवळे रूप अर्वाचीन आहे, एवढेच म्हणतो. आणि प्रवासलेखक भुलतो ते नेमके या रूपाला.

दुसरा आक्षेप रसिकांचा : एका दिवसाच्या सहलीत एवढा इतिहास कोण वाचणार? पण मग 'प्राचीन' आणि 'शुद्ध' ही विशेषणे वापरण्याचा अधिकार तरी एका दिवसात कोठून येतो? पायऱ्या चढून गेल्यावर दिसणारे मुख्य देऊळ १८२८ सालचे आहे. म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर दहा वर्षांनी बांधलेले. बेंझाइतेनचे देऊळ १९८० सालचे. पायऱ्यांशेजारचा प्रसिद्ध गिंको वृक्ष १० मार्च २०१० रोजी वादळी वाऱ्यात कोसळला. आज दिसतात ते त्याचे फुटवे. कुग्यो त्याच्याआड लपला होता ही कथा उत्तरकालीन आहे, आणि गिंको ही जातच मुळात चीनमधून आलेली. एवढे समजायला पुरातत्त्ववेत्ता व्हावे लागत नाही.

तिसरा आक्षेप खवचट आहे : जपानचे निमित्त करून तुम्ही बोट भलतीकडेच दाखवत आहात. याला आमचे उत्तर सरळ आहे. मेइजी जपान म्हणजे आजचा महाराष्ट्र नव्हे, आणि ओढूनताणून जुळणी करणे आम्हांला मान्य नाही; वर 'आपलेच' म्हणणाऱ्यांना जो दोष दिला तोच मग आम्हांला लागेल. परंतु कोणता देव कोणाचा, हे राज्यसंस्था ठरवू लागली की पुढे काय होते, याची जपानइतकी पूर्ण नोंद फार थोड्या ठिकाणी मिळते. वेगळे काढलेले देवस्थान आधी राज्याचे झाले, मग साम्राज्याचे झाले, शेवटी युद्धाचे झाले. १५ डिसेंबर १९४५ रोजी, पराभवानंतर, विजेत्यांच्या आदेशाने राज्य आणि शिंतो यांची फारकत झाली. 'निसर्गपूजक शिंतो' हे निरागस वर्णन या मधल्या ७७ वर्षांवर पांघरूण घालते. वाचकाला स्वतःच्या घराची आठवण झाली, तर ती त्याने दडपू नये.

गौरव आणि चिकित्सा एकत्र नांदू शकत नाहीत असेही नाही. येताना आमची गाडी योकोहामावरून आली होती. १९१६ मध्ये रवींद्रनाथ तेथे साङ्केइएन बागेत हारा तोमितारो यांचे पाहुणे होते. जपानी सौंदर्यदृष्टीवर त्यांनी मनापासून लिहिले, आणि त्याच मुक्कामात जपानी राष्ट्रवादावर जाहीर टीका करून यजमान देशाची नाराजीही पत्करली. पाहुणा असणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे, याचा हा वस्तुपाठ शंभर वर्षांपूर्वीच घालून दिलेला आहे. आपले प्रवासलेखन मात्र यजमानाने वाढलेल्या ताटाचे फोटो काढून परत येते.

म्हणून आमच्या मागण्या माफक आहेत. जिंजा आणि तेरा या दोन्हींना सरसकट 'मंदिर' म्हणू नये. दोन शब्द वापरावेत, आणि ते कधीकाळी एक होते हेही सांगावे. वास्तूला 'प्राचीन' म्हणण्यापूर्वी तिचे साल लिहावे. जे दिसते त्यासोबत काय नाहीसे झाले आहे, हे विचारावे. आणि आपण अध्यापकांनी 'शुद्ध', 'मूळ', 'अस्सल' ही विशेषणे साहित्यकृतींना लावताना त्यांचा पुढचा प्रवास लक्षात ठेवावा.

संध्याकाळी परतताना सेन्सेईंना आम्ही विचारले, तुम्ही स्वतः कोणत्या धर्माच्या? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. त्यांनी बोटांवर मोजून दाखवले : जन्मल्यावर मला जिंजात नेले होते, आईवडिलांचे अंत्यविधी बौद्ध मंदिरात झाले, माझेही तेथेच होतील. मग त्या म्हणाल्या, ''सरकारने वेगळे केले. आम्ही घरी केले नाही.'' त्यांच्या घरात कामींचे फडताळ आणि पूर्वजांचा बौद्ध देव्हारा, दोन्ही आहेत.

पुढच्या सत्रात प्रवासवर्णन शिकवताना 'निसर्गपूजक शिंतो' हे शब्द आम्ही फळ्यावर लिहिणार नाही. आणि उत्तरपत्रिकेत कोणी लिहिलेच, तर समासात 'केव्हापासून?' असे विचारू.